मागचा प्लॉट आणि बीडचं ऊन

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांच्या आठवणी इतर मंडळी सांगतीलच. मी आपल्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर बोलणार आहे. कारण त्याचा निकाल येत्या सर्वसाधारण सभेत लागायचा आहे. दर पावसाळ्यात तिथे कमरेइतकं गाजर गवत माजतं, पोरांना खेळता येत नाही, काहींच्या हाता-मानेला खाज सुटते. म्हणून एक सूचना आली आहे पेव्हर ब्लॉक बसवण्याची आणि दुसरी तणनाशक मारण्याची.

पेव्हरला माझा विरोध आहे. उन्हाळ्यात आपली बोअर कशी घरघर करते ते तुम्ही ऐकताच. पावसाचं पाणी मुरायला आपल्याकडे तेवढीच एक जागा उरली आहे. शिवाय ब्लॉकच्या फटीतून गवत यायचं ते येतंच. तणनाशकाचं म्हणाल तर ग्लायफोसेट वाटेल त्याने मारायचं औषध नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर परवानाधारक फवारणीवाल्यांपुरताच ठेवला. आणि त्याने उभं झाड मरतं, मातीतली बी नाही.

खरी गोम त्या बीतच आहे. गाजर गवताचं एक झाड हजारो बिया टाकतं. शास्त्रज्ञ या साठ्याला मातीतली 'बियांची बँक' म्हणतात. हयात बँकेत गेल्यामुळे मला हा शब्द लगेच पटला. वरचं गवत कापणं म्हणजे नुसतं व्याज काढणं, मुद्दल जागच्या जागी!

या मुद्दलावर उपाय आहे आपलं ऊन. शेतकीत त्याला मातीचं सौर निर्जंतुकीकरण म्हणतात. इस्रायलमध्ये जॉर्डन खोऱ्यातल्या कडक उन्हात प्लास्टिकखाली माती तापते हे तिथल्या शेतकऱ्यांच्या लक्षात आलं, आणि कटान नावाच्या शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये त्यावर शोधनिबंध छापला. पुढे हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत तूर आणि हरभऱ्याच्या मर रोगासाठीही हे करून पाहिलं गेलं. कोकणात राब भाजतात, त्याचाही हेतू बराचसा हाच. इथे फक्त आग नाही.

कुणी म्हणेल, आपली माणसं उन्हाळी नांगरट करून रान तापवतातच की. बरोबर आहे, पण ती कोरडी माती. वर्षाचं धान्य आपण कडक उन्हात वाळवून भरतो, आणि तोच दाणा पुढे पेरला तर उगवतो. कोरड्या बीला ऊन बाधत नाही. भिजून फुगलेली बी मात्र त्याच उष्णतेने मरते. म्हणून आधी भरपूर पाणी आणि मग प्लास्टिक, हा क्रम चुकवायचा नाही.

प्लास्टिक काळं नको, पारदर्शक हवं. ऊन आत शिरून मातीवर पडलं पाहिजे. थंड मुलखात मात्र ऊन कमी पडलं तर पारदर्शक कागदाखाली गवत उलट जोमाने वाढतं, म्हणून तिकडे पुष्कळदा काळं अंथरून महिनोन् महिने वाट बघतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. कागदाखालची माती उघड्या मातीपेक्षा साधारण ८ ते १२ अंशांनी जास्त तापते.

खर्चाचा हिशेब मी काढला आहे. १०० गेज म्हणजे २५ मायक्रॉन जाडीचा कागद एका गुंठ्याला अडीच किलो लागतो, कडा पुरायला धरून तीन किलो. २५ एप्रिलच्या सुमारास अंथरायचा आणि मृगाच्या आत, म्हणजे सहा आठवड्यांनी काढायचा. त्याआधी धसकटं, खडे वेचून जमीन सपाट करायची. आपली माती काळी, भेगाळलेली. भेगा पाण्याने मिटल्याशिवाय कागद घालू नये, कारण मध्ये हवा राहिली की ताप उतरत नाही. कडा वीतभर खोल चरात पुरायच्या, नाहीतर पहिली वावटळ कागद थेट बिंदुसरेत नेऊन टाकेल. लिंबाच्या झाडाभोवती जागा सोडायची, त्याच्या मुळांना भाजायचं नाही. अवकाळी पाऊस झालाच तर वर साचलेलं पाणी झाडून काढायचं. शेळ्या, कुत्री आणि आपले क्रिकेटवीर यांचा बंदोबस्त वेगळा करावा लागेल! सहा आठवड्यांनंतर कागदाचा चुरा व्हायच्या आत तो गोळा करून भंगारवाल्याला द्यायचा.

याने सगळं मरतं असं मी सांगणार नाही. लव्हाळ्याच्या गाठी, कुंदा आणि हराळीची खोल मुळं तग धरतात. ती आधी खणून काढलेली बरी. आणि कागद काढल्यावर जमीन खोल उकरायची नाही. ऊन वरच्या थरालाच नीट भाजतं, खालच्या बिया वर आल्या की मेहनत पाण्यात. रस्त्याच्या कडेने नवीन बी येत राहणारच, तेव्हा उगवलेलं गाजर गवत फुलावर यायच्या आत हातमोजे घालून उपटावं लागेल.

माझी विनंती एवढीच, की पेव्हरचा ठराव एक वर्ष पुढे ढकला आणि मला एक गुंठा द्या. शेजारचा एक गुंठा मुद्दाम तसाच ठेवू, दिवाळीत दोन्ही बघू आणि मग हात वर करा. कागद मी माझ्या पेन्शनमधून आणतो. पाण्याचा एक टँकर सोसायटीने द्यावा, आणि चर खणायला चार तरुण पोरं लागतील. नावं आज जेवणाच्या आधीच माझ्याकडे द्या, जेवल्यावर कुणी सापडत नाही.