तुमच्या घरी चल्लस कसा खेळतात?



देवळाच्या ओसरीवर कोळशाने आखलेला चल्लसचा पट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. उभी पाच, आडवी पाच अशी २५ घरं. चारही कडांच्या मधल्या घरांत आणि अगदी मध्यभागी फुली. दान टाकायला फोडलेल्या चिंचोक्यांच्या चार फाका, सोंगट्या म्हणून खडे नाहीतर बांगड्यांचे तुकडे. पैशाचा खर्च नाही. आपल्या जालना जिल्ह्यात बसून हा खेळ मोबाइलवर आणायला निघालो, तेव्हा त्यात किती शहाणपण साठलंय ते मला कळलं.

पहिला प्रश्न दानाचा. एक, दोन, तीन, चार आणि आठ ही दानं संगणकाने सारख्याच वेळा टाकली, तर जुनी खेळणारी आजी दहा मिनिटांत म्हणेल, ‘हे चिंचोके खोटे आहेत.’ तिचं बरोबरच असेल. चार फाका १६ प्रकारे पडू शकतात. त्यांतल्या सहांमध्ये दोन पांढऱ्या दिसतात, म्हणजे दोनचं दान पडतं, पण चारही काळ्या, म्हणजे आठ, एकाच प्रकारात. म्हणून तर आठ पडले की ओसरी दणाणते. हे गणित बिघडलं की खेळावरचा विश्वास उडतो.

दुसरा प्रश्न नियमांचा. एका घरी दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय पटाच्या आतल्या घरांत जाता येत नाही, दुसऱ्या घरी जाता येतं. कुठे एकाच घरातल्या दोन सोंगट्यांची जोडी मारता येते, कुठे नाही. ओसरीवर वाद होतो आणि मोठं माणूस निकाल देतं. संगणकाला मात्र आधीच सगळं सांगावं लागतं. असे हो-नाहीचे पाचच प्रश्न धरले, तरी ३२ वेगवेगळे खेळ तयार होतात, आणि प्रत्येक तपासावा लागतो.

तिसरा प्रश्न पोटाचा. नवी मुंबईच्या गेमशन कंपनीने २०१६ साली आणलेला ‘लुडो किंग’ फुकट खेळता येतो. जाहिरातींवर तो चालतो, कारण खेळणारे कोट्यवधी आहेत. चल्लसला तेवढी माणसं कुठून आणणार? शिवाय नियमांवर मालकी सांगता येत नाही. स्क्रॅबल या शब्दखेळाच्या खटल्यात २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने पट आणि नियमांवर कॉपीराइटचं संरक्षण द्यायला नकार दिला, नावाची नक्कल तेवढी रोखली. म्हणजे मी केलेलं उद्या कुणीही करू शकतं. पैसे लावून खेळवण्याची वाट २०२५ च्या कायद्याने बंद केली, आणि ते फार चांगलं झालं. द्यूताने संसार उद्ध्वस्त होतात हे आपल्याला महाभारताने कधीच सांगितलंय.

मग विकायचं काय? मला वाटतं, दूर गेलेल्या माणसाची पटाजवळची जागा. घनसावंगी, मंठ्याची माणसं ऊसतोडीला जातात, पोरं पुण्याला नोकरीला जातात. त्यांना आजीचा आवाज ऐकत, आपल्याच घरच्या नियमांनी डाव मांडता आला, तर वर्षाकाठी थोडे पैसे मोजायला घर तयार होईल. त्यासाठी मोबाइलने खेळ सुरू करण्याआधी एवढंच विचारायला हवं : तुमच्या घरी कसं खेळतात?

श्रोतेहो, हा प्रश्न आज संध्याकाळी घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाला विचारा आणि उत्तर वहीत लिहून ठेवा. ते नियम दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाहीत.