डेबिट म्हणजे आले की गेले?

हेडफोन लावलेत ना? आज व्याकरण नाही. रोज कानावर पडणारे चार इंग्रजी शब्द, सोप्या भाषेत.

पहिला, स्क्रॅप. आपल्या जालन्यात सळईचे कारखाने आहेत, तिथे ट्रक भरभरून स्क्रॅप येतं. स्क्रॅप म्हणजे भंगार. वापरून झालेलं, पण वितळवून पुन्हा कामाला येणारं.

दुसरा, हायब्रिड. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यातच महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, म्हणून हा शब्द आपल्याकडे घराघरात आहे. हायब्रिड म्हणजे संकरित. दोन वेगळ्या वाणांचा संकर करून केलेलं बी. त्याच्या पिकातलं दाणं ठेवून पुढच्या वर्षी पेरलं, तर पीक तसंच येईल याचा भरवसा नाही. बघा, शब्दाचा अर्थ कळला की पेरणीचा निर्णय बदलतो.

आता तिसरा आणि चौथा, डेबिट आणि क्रेडिट. परवा आमच्या आजोबांना बँकेचा मेसेज आला. त्यांनी विचारलं, "बाबू, डेबिट झालं म्हंजे आले का गेले रे?" मी कॉलेजात शिकलेला! अकाउंट, ट्रान्झॅक्शन, बॅलन्स असं काय काय सांगत बसलो. आजोबा नुसते बघत राहिले. मग मी म्हणालो, "आजोबा, डेबिट म्हणजे नावे, क्रेडिट म्हणजे जमा." तर हसून म्हणाले, "मंग असं सांग ना! मोंढ्यात आडतीच्या वहीत जन्मभर हेच तर बघितलं."

अर्थ त्यांना आधीच माहीत होता हो, फक्त शब्द नवा होता. त्या दिवशी मला कळलं, की सोपी व्याख्या म्हणजे ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या शब्दात सांगणं.

आणि हे फक्त अभ्यासाचं नाही. "पैसे जमा करतो, पिन टाका" असा फोन आला, तर लक्षात ठेवा: यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे नावे पडतात, म्हणजे गेले! फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करा.

आजचं होमवर्क: घरातल्या एका मोठ्या माणसाला त्यांच्या फोनवरचा एक इंग्रजी शब्द समजावून सांगा. पण त्यांच्या भाषेत, बरं का! भेटू पुढच्या भागात.