मधुचंद्राचा बेत

मधुचंद्र हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे, की तो मूळचा आपला नव्हे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. वस्तुतः ते इंग्रजी 'हनिमून'चे शब्दशः भाषांतर. मूळ शब्दात थोडी खोचही आहे. सोळाव्या शतकातील इंग्रजांनी तो योजिला तेव्हा त्याचा सहलीशी काडीचाही संबंध नव्हता. नवविवाहितांची प्रीती पहिल्या महिन्यात मधासारखी गोड असते आणि पुढे पौर्णिमेनंतरच्या चंद्राप्रमाणे कलेकलेने उतरत जाते, अशी ती थट्टा होती. काळाच्या ओघात थट्टा विसरली गेली, चंद्र तेवढा राहिला आणि आगगाडीच्या युगात त्याला प्रवास येऊन जोडला गेला.

आपल्याकडे नवपरिणीत जोडपी प्रवास करीत नसत असे मात्र नाही. ती एकटी जात नसत, इतकेच. मांडव उतरला की कुलदैवताच्या दर्शनाला निघावयाचे. जेजुरीला नवऱ्याने नवरीला उचलून गडाच्या काही पायऱ्या चढावयाच्या, ही रीत आजही पाळली जाते. भोवती सासू, नणंदा, दीर, करवल्या आणि भंडाऱ्याची उधळण! लाजेने मान खाली घातलेली ती वधू आणि पाय घसरू नये म्हणून दातओठ खाणारा तो वर पाहिला, म्हणजे हाही एक मधुचंद्रच, फक्त तो साऱ्या गोताच्या साक्षीने साजरा होतो, असे वाटल्यावाचून राहत नाही.

आता जेजुरीपासून थेट बंगळूरला यावे. त्या शहराच्या दक्षिण अंगाला जे. पी. नगर नावाची मोठी वस्ती आहे. जयप्रकाश नारायणांचे नाव तिला दिलेले आहे. मराठी माणसाला बंगळूर परके वाटण्याचे कारण नाही. सतराव्या शतकात शहाजीराजांची जहागीर येथे होती आणि पुढे १६८७ साली हे शहर मराठ्यांच्या हातून गेले. आजचा मराठी माणूस येथे येतो तो जहागिरीसाठी नव्हे, नोकरीसाठी. याच जे. पी. नगरात २००४ साली 'रंगशंकरा' हे नाट्यगृह उभे राहिले. कन्नड नट आणि दिग्दर्शक शंकर नाग यांच्या स्मृत्यर्थ त्यांच्या पत्नी अरुंधती नाग यांनी ते मोठ्या जिद्दीने उभारले. या दांपत्याची उमेदवारी मुंबईच्या रंगभूमीवर झालेली. '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटात शंकर नाग होते, हे जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल.

या वस्तीतील एका मराठी जोडप्याची आपण कल्पना करू. मुलगा बेळगावकडचा, मुलगी सोलापूरची; दोघेही नोकरी करणारी. लग्न मार्गशीर्षात झाले आहे. दोघांना मिळून सारखी अशी सात दिवसांची रजा आहे. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आहे आणि मुलाच्या हातात यादी आहे. यादीत हंपी, बेलूर, हळेबीड, चिक्कमगळूर, शृंगेरी, आगुंबे, जोग, गोकर्ण, उडुपी, मडिकेरी आणि म्हैसूर अशी अकरा नावे आहेत. मुलाचे म्हणणे असे, की एवढा खर्च करून जावयाचे तर सारे पाहूनच यावे. मुलगी बराच वेळ काही बोलत नाही. शेवटी एवढेच विचारते, "यात आपण दोघांनी नुसते बसायचे कधी?"

मुलाला हा प्रश्न टीकेसारखा वाटतो. तो म्हणतो, "गाडीत आपण दोघेच तर असणार आहोत." ती म्हणते, "आणि ड्रायव्हर. शिवाय घाटात मला मळमळते, हे तुला अजून ठाऊकच नाही." लग्नाला जेमतेम तीन आठवडे झालेले. तिला घाट लागतो हे खरोखरच त्याला ठाऊक नव्हते. त्याचा चेहरा उतरतो. मग त्याने खपून केलेल्या यादीवर आपण पाणी ओतले, असे तिला वाटू लागते. तेवढ्यात बेळगावहून आईचा फोन येतो, "अरे, सगळे जग हिंडाल, पण आधी जेजुरी करा हो!" लहानसाच प्रसंग; परंतु संसारातील बहुतेक मोठे प्रसंग याच जातीचे असतात. कोणाची इच्छा कोणी, किती आणि कशी मोडावयाची, याचा पहिला धडा येथेच गिरवला जातो.

अशा वेळी नकाशा उपयोगी पडतो, परंतु केवळ अंतरे मोजण्यासाठी नव्हे. कर्नाटकातील लोक आपल्या मुलखाची वाटणी स्थूलमानाने तिहेरी करतात. पठारावरची ती बयलुसीमे, डोंगरांचा मलनाड आणि समुद्रकाठची करावळी. मराठी माणसाला ही वाटणी सांगावी लागत नाही. देश, मावळ आणि कोकण ही तीच उतरंड आहे. सह्याद्री एकच, पाऊसही तोच. फक्त बाजरीच्या जागी नाचणी आणि आंब्याफणसाच्या सोबतीला कॉफी व सुपारी. तेव्हा अकरा ठिकाणांऐवजी या तीन प्रदेशांतून एकदाच, वरून खाली, घाट उतरत जाणारी एक वाट धरली, तर निसर्गाचे वैविध्य आपोआप पदरात पडते आणि त्याच रस्त्याने पुन्हा मागे फिरण्याचा त्रासही वाचतो. या कसोटीला हंपी उतरत नाही. ती पार उत्तरेला, निराळ्याच दिशेला आहे. मडिकेरी आणि म्हैसूर नैर्ऋत्येला. ती बंगळूरकरांना एरवीही जोडून आलेल्या सुट्टीत साधतात.

दुसरा हिशोब पंचांगाचा. आपले पंचांग नकळत प्रवासाचेही वेळापत्रक आखून देत असते. चातुर्मासात लग्ने नाहीत. तुळशीचे लग्न लागले की माणसांची लग्ने सुरू होतात आणि ज्येष्ठाच्या सुमारास थांबतात. म्हणजे मधुचंद्र एकतर थंडीत किंवा वैशाखवणव्यात. ज्या आषाढात मलनाड खऱ्या अर्थाने भरात येतो, त्या आषाढात कर्नाटकातील कित्येक घरांत नव्या जोडप्याने एकत्र राहू नये असा रिवाज आहे, आणि महाराष्ट्रातही नवी सून पहिल्या आखाडाला माहेरी जाते. जोगचा धबधबा पाहावा तो याच दिवसांत. शरावती तेथे सुमारे २५० मीटर खाली कोसळते. तिच्या चार धारांना राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट अशी नावे आहेत. परंतु वरच्या अंगाला लिंगनमक्कीचे धरण १९६४ साली पुरे झाले, आणि तेव्हापासून नदीचे बहुतेक पाणी विजेच्या कामी जाते. डिसेंबरात जोगला गेलेल्या प्रवाशाला खडकावर दोरीसारख्या लोंबणाऱ्या बारीक धारा तेवढ्या दिसतात. घरातील दिवे त्याच पाण्यावर लागत आले आहेत हे ठाऊक असले, तरी मनाची निराशा व्हावयाची ती होतेच. तेव्हा जोगही या खेपेला यादीतून वगळावा.

याउलट थंडीत बेलूर आणि हळेबीड ही सुखाची स्थळे. बेलूरचे चेन्नकेशवाचे देऊळ होयसळ राजा विष्णुवर्धनाने १११७ साली उभारावयास घेतले. २०२३ साली युनेस्कोने बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूर येथील मंदिरांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांचा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत उघडा राहिला की कठीण होत जातो. म्हणूनच तेथील शिल्पकारांना सोनाराच्या हाताने दगड कोरता आला. छताखाली तिरप्या बसविलेल्या मदनिकांपैकी एक आरशात पाहत उभी आहे. नव्या नवरीने तिच्यासमोर उभे राहून छायाचित्र काढवून घेणे, हे तेथे ठरल्यासारखेच झाले आहे. त्यात हसण्यासारखे काही नाही. नऊशे वर्षे एकाच आरशात पाहणाऱ्या स्त्रीला थोडी सोबत मिळते, इतकेच.

बेलूरहून चिक्कमगळूर अवघे २५ किलोमीटर. येथे पठार संपते आणि डोंगर सुरू होतात. हवा बदलते, झाडे बदलतात, घरांची छपरे उतरती होतात. बाबा बुडन नावाच्या फकिराने सतराव्या शतकात येमेनमधून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगररांगेला आजही त्याचेच नाव आहे, आणि कर्नाटकातील सर्वांत उंच शिखर, सुमारे १९३० मीटरचे मुळ्ळय्यनगिरी, याच भागात आहे. कॉफीचा मळा उघड्या रानात नसतो. मोठ्या वृक्षांच्या सावलीत तो वाढतो आणि त्या वृक्षांवर मिरीचे वेल चढविलेले असतात. तिची पांढरीशुभ्र सुवासिक फुले मार्च-एप्रिलच्या वळिवानंतर चार दिवस काय ती फुलतात. डिसेंबरात मात्र फळे लालबुंद झालेली असतात, मजूर बायका ती खुडत असतात आणि अंगणात ती वाळत घातलेली असतात. येथे दोन रात्री राहावे. मुलीने मागितलेला तो 'नुसते बसण्याचा' दिवस येथे ठेवावा. त्या दिवशी मोटारीची किल्ली ड्रायव्हरच्याच खिशात राहू द्यावी.

पुढची वाट तुंगेच्या काठाने शृंगेरीवरून आगुंब्याला जाते. ज्यांना आडवाटेची हौस असेल त्यांनी तीर्थहळ्ळीजवळच्या कुप्पळ्ळीला जावे. तेथे कन्नड महाकवी कुवेंपु यांचे वडिलोपार्जित घर जतन केलेले आहे. त्यांनी आपल्या मुलाचे लग्न भपका, हुंडा आणि पुरोहित यांच्यावाचून लावले. 'मंत्रमांगल्य' या नावाने ओळखली जाणारी ती साधी पद्धत आजही काही कन्नड तरुण निवडतात. लग्नाच्या हिशोबाची वही अजून मिटली नसेल, तर त्या घराच्या चौकात उभे राहून थोडा विचार करण्यासारखे आहे. इतिहासाची गोडी असणाऱ्याने या मुलखातून जाताना आणखी एक गोष्ट आठवावी. १६८९ साली रायगडाला वेढा पडल्यावर राजाराम महाराज वेष पालटून जिंजीकडे निघाले, तेव्हा केळदीच्या राणी चेन्नम्मेने त्यांना याच रानात आश्रय दिला आणि त्यापायी औरंगजेबाचा रोष ओढवून घेतला. मराठी राज्य त्या वर्षी ज्या थोड्या माणसांच्या धैर्यावर तगले, त्यांत ती एक होती.

आगुंबे हे लहानसे खेडे. वर्षाला सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस तेथे पडतो, म्हणजे जून ते सप्टेंबर येथे येणाऱ्याने पाऊस आणि जळवा यांच्याशी मैत्री करण्याची तयारी ठेवावी. डिसेंबरात मात्र घाटमाथ्यावरून संध्याकाळी थेट अरबी समुद्रापर्यंत नजर जाते. आर. के. नारायण यांच्या कथांवरची 'मालगुडी डेज' ही मालिका शंकर नाग यांनी १९८६च्या सुमारास याच गावात चित्रित केली. ज्या जुन्या मोठ्या घरात ते चित्रण झाले, ते दोड्डमने आजही तेथे उभे आहे. १९९० साली दावणगेऱ्याजवळ मोटारीच्या अपघातात शंकर नाग गेले, वय पस्तीस. जे. पी. नगरातील ते नाट्यगृह चौदा वर्षांनी झाले. त्या नाट्यगृहावरून रोज जाणाऱ्या जोडप्याला आगुंब्याच्या त्या ओसरीवर काय वाटेल, ते त्याचे त्यालाच ठाऊक.

घाट उतरावयाचा तो सकाळी, पोटात थोडे काहीतरी घालून, पुढच्या आसनावर बसून. ज्याला घाट लागतो त्याने मागे बसू नये, हे कुठल्याही जुन्या एस्. टी. वाहकाला विचारावे. वळणे तीव्र आहेत, पण तासाभरात हवा दमट होते, माडांच्या बागा दिसू लागतात आणि उडुपी येते. मग मलपे बंदरातून होडीने सेंट मेरीच्या बेटावर. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तेथील उभे षट्कोनी स्तंभ ओळखीचे वाटतील. मात्र हे वयाने वडील. सुमारे आठ कोटी ऐंशी लक्ष वर्षांपूर्वी भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून अलग झाले, त्या वेळी उसळलेल्या लाव्ह्याचे हे स्तंभ. पावसाळ्यात होड्या बंद असतात. बेटावरची ही हकिकत वधूवरांना सांगावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या तारतम्याचा प्रश्न आहे.

उत्तरेला मरवंते येथे हमरस्त्याच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला सौपर्णिका नदी, अशी अपूर्व जागा आहे. जवळचे बसरूर म्हणजे जुने बिदनूरचे बंदर. शिवाजीमहाराज १६६५ साली आरमार घेऊन स्वतः तेथवर आले होते आणि परतताना गोकर्णाला उतरले होते.

इतके झाले की यादीतील अकरांपैकी सहा नावे उरली, बाकीची गळाली. मुलाने ती एकेक खोडताना थोडा त्रागा केला. हंपीच्या नावाभोवती मात्र त्याने वर्तुळ करून पुढच्या वर्षाचा आकडा लिहिला. मुलीने मग आपण होऊन फोन उचलला आणि सासूबाईंना सांगितले, "आई, चैत्री पौर्णिमेला जेजुरीला येतो. तुम्हीही चला." पलीकडून काही वेळ उत्तर आले नाही. मग, "त्याच्या कमरेला झेपेल ना गं तेवढे?" असा प्रश्न आला.

राहता राहिला परतीचा मार्ग. मोटार मंगळूरला सोडून द्यावी. तेथून बंगळूरला जाणारी दिवसाची गाडी सुब्रह्मण्य ते सकलेशपूर या घाटात पन्नासांहून अधिक बोगदे पार करीत वर चढते. २०२१ सालापासून तिला काचेच्या मोठ्या खिडक्यांचा आणि काचेच्या छताचा डबाही जोडला जाऊ लागला. ती गाडी ठराविक वारीच सुटते, म्हणून रजेचे दिवस नक्की करण्यापूर्वी तिचे वार विचारून घ्यावेत. घाटात खाण्याची सोय होईलच असे नाही. डबा बरोबर असावा. आसने डावीउजवीकडची मिळाली तर खिडकीसाठी भांडण होत नाही, आणि बोगद्यात गाडी शिरली की बाहेर पाहण्यासारखे काही नसतेच.