तळ्यातला गाळ, पाण्यातला वाटा

(चंडीगड येथील मराठी कुटुंबांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुखना तलाव हे आपल्या शहराचे भूषण. परंतु हे तळे निसर्गाने दिलेले नाही. शिवालिकच्या टेकड्यांतून येणारा एक पावसाळी ओढा अडवून ते १९५८ साली निर्माण करण्यात आले. ओढ्याबरोबर टेकड्यांची मातीही येऊ लागली आणि दोन दशकांच्या आतच तळे गाळाने भरत चालले.

त्या मातीचा माग काढीत मृद व जलसंधारण संशोधन केंद्राचे पी. आर. मिश्र सुखोमाजरी या लहानशा खेड्यापर्यंत पोहोचले. टेकड्या उघड्या होत्या आणि त्यांवर शेळ्या चरत होत्या. झाडे लावणे, चर खणणे हे शासकीय उपाय झाले. चराई मात्र थांबली नाही. ती का थांबावी? शेती पावसाच्या भरवशावर, आणि शेळी हाच घराचा आधार. शहरातील लोकांच्या नौकाविहारासाठी आपली शेळी कोण विकील? (आमच्या पाठ्यपुस्तकांतील वृक्षारोपणाचे धडे हा प्रश्न कधी विचारीत नाहीत.) १९७६ च्या सुमारास तेथे मातीचा छोटा बंधारा झाला, पाणी शेतात आले, तेव्हा लोक टेकड्या राखण्यास तयार झाले.

खरी अडचण यानंतरची. पाण्याचा लाभ जमीनवाल्यांना. चराईचा त्याग मात्र भूमिहीनांनीही करावयाचा! तेव्हा भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्यात समान वाटा ठरला. ज्याला शेत नाही त्याने आपला वाटा दुसऱ्यास द्यावा व मोबदला घ्यावा. टेकड्यांवर भाभर गवत वाढले, शेळ्यांची जागा म्हशींनी घेतली, आणि खाली तळ्यात येणारा गाळ घटला.

आपल्याकडे पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे, १९७२ च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीतून हाच न्याय अधिक काटेकोरपणे मांडला. पाणी माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही हक्क. उसाला मनाई. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही.

आज ‘हरित अर्थव्यवस्था’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. वनांनी शोषलेल्या कार्बनचीही खरेदी-विक्री होते. जंगल राखणाऱ्याचा त्यात वाटा किती, ही चर्चा मात्र मागे पडते. खुद्द सुखोमाजरीतही समान वाटणी फार काळ टिकली नाही. वापराप्रमाणे पैसे भरण्याची रीत आली आणि भूमिहीनाच्या हातातील वाटा गेला.

गाळ उपसण्यावर शहर खर्च करते. त्याच अंदाजपत्रकात वरच्या गावांतील बंधाऱ्यांसाठी आणि टेकड्या राखणाऱ्या भूमिहीन कुटुंबांसाठी एक रक्कम दरवर्षी स्वतंत्र असावी, अशी मागणी आपण चंडीगडकर मराठी माणसांनी प्रशासनाकडे लेखी करावी, असे मी सुचविते.