मोजे घालता आले नाहीत ती सकाळ

आवाज जरा बसलाय, सांभाळून घ्या. आजचा विषय आहे बसण्याचा, आणि बसून, खरं म्हणजे आडवं पडून, गेम खेळण्याचा. ऐकताना लोकलमध्ये उभे असाल तर उभेच राहा, काही बिघडत नाही.

सुरुवात धाकट्यापासून करतो. माझा भाऊ, वय सव्वीस, हिंजवडीत सपोर्टचं काम, बहुतेक रात्रपाळी. वाकडला तिघांत एक फ्लॅट. एके दिवशी सकाळी सातला त्याचा फोन आला, "दादा, मोजे घालता येत नाहीयेत." मी हसलो. मला वाटलं, झोपेत बोलतोय. मग कळलं की वाकायला गेला की कमरेतून वीज निघते आणि डाव्या पोटरीत जाऊन थांबते. तेव्हा हसू गेलं.

फिजिओकडे मीच घेऊन गेलो. बाई शांत होत्या. पहिला प्रश्न, दिवसाला किती तास बसतोस? हा म्हणाला, नऊ. आणि घरी आल्यावर? "घरी बसत नाही, झोपतो. झोपून गेम खेळतो." मानेखाली दोन उशा, गुडघे वर, पोटावर कन्सोल. किती वेळ? तीन तास. बाईंनी कागदावर लिहिलं, बारा. ह्याचं म्हणणं, झोपणं म्हणजे आराम, ते कसं धरता? बाई म्हणाल्या, कंबर तशीच वाकलेली आहे ना, तिला काय कळतंय तू गादीवर आहेस की खुर्चीत.

बाहेर पडल्या पडल्या ह्याचं पहिलं वाक्य काय, तर "मी तो मोठा बॉल मागवतो. ऑफिसमध्ये दोघांनी घेतलाय." म्हणून मग मी वाचायला बसलो. बसलो म्हणजे, तुम्हाला कळलं.

तर तो बॉल. 1963 च्या सुमारास इटलीत आक्विलिनो कोझानी नावाच्या माणसाने बनवला आणि स्वित्झर्लंडच्या फिजिओंनी तो व्यायामाला वापरला. व्यायामाला, हे लक्षात ठेवा. खुर्ची म्हणून तो बऱ्याच नंतर आला. बॉलवाल्यांचं म्हणणं असं की बूड सतत डगमगतं, म्हणून पोटाचे-पाठीचे स्नायू जागे राहतात आणि कॅलरीही जळतात. 2008 मध्ये अमेरिकेत हे मोजलं. कारकुनी काम करताना खुर्चीऐवजी बॉलवर बसलं तर तासाला जास्तीच्या चार कॅलरी जळतात. चार! एका ग्लुकोज बिस्किटात साधारण वीस-पंचवीस असतात. म्हणजे पाच-सहा तास डुलायचं तेव्हा कुठे एक बिस्कीट, तेही चहात न बुडवता. आणि गंमत अशी, नुसतं उभं राहून काम केलं तरी जवळपास तेवढ्याच जळतात.

स्नायूंचं काय? 2009 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या बायकांना तासभर बॉलवर बसवून पाहिलं. हालचाल वाढली, कमरेच्या स्नायूंचं काम वाढलं, हे खरं. पण कणा ऑफिसच्या साध्या खुर्चीपेक्षा जास्त दबला. स्नायू ताणून बसलात की ते कण्यालाही आवळतात ना. शिवाय बॉलला ना पाठ, ना हात. दुपारी जेवण झाल्यावर टेकायचं कुठे?

ह्या हलत्या खुर्च्यांच्या घराण्यात मला खरं आवडलं ते नॉर्वेचं काम. 1979 मध्ये पीटर ऑप्सविक यांनी 'बालान्स व्हेरिएबल' केली. तिच्यात गुडघ्यांखाली गादी, बैठक पुढे उतरती, खाली पाळण्यासारखे वाकडे लाकडी पाय. मूळ कल्पना हान्स क्रिस्तियान मेंगशोल यांची. मांडी आणि धड यांच्यातला कोन उघडला की कंबर आपोआप आपल्या नैसर्गिक बाकात येते. नंतर 1984 ची 'कापिस्को', तिची बैठक घोड्याच्या खोगिरासारखी. उलटं बसा, आडवं बसा, जवळजवळ उभं राहा. ऑप्सविक यांचा आग्रह एका 'बरोबर' बैठकीचा नव्हताच, बैठक बदलत राहण्याचा होता. पण गुडघ्यांच्या खुर्चीत अर्ध्या तासात नडग्या बोंबलतात, हेही सांगतो. एका मित्राकडे बसून पाहिलंय.

आता 'ताठ बस' हे आपण लहानपणापासून ऐकतोय. 1960 च्या दशकात स्वीडनमध्ये नाखेमसन यांनी माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला आणि सांगितलं की उभं राहण्यापेक्षा बसल्यावर दाब जास्त. सगळी पुस्तकं त्यावर चालली. मग 1999 मध्ये जर्मनीत विल्के यांच्या गटाने एका माणसाच्या चकतीत सेन्सर बसवून दिवसभर मोजलं. तर खुर्चीत सैल, मागे रेलून बसल्यावर दाब उभं राहण्यापेक्षा कमी! पुढे वाकून बसलं की मात्र भरपूर वाढला. माणूस एकच होता, त्यामुळे लगेच नाचू नका. पण रेलणं म्हणजे पाप नाही, एवढं मी त्यातून घेतलं.

बरं, आता गेमिंग. धाकट्याच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण आई सगळा दोष त्या 'डबड्याला' देते.

1989 चा गेम बॉय. दोघांना खेळायचं तर मध्ये केबल. म्हणजे खांद्याला खांदा लावून बसायचं, आणि एक जण उठला की खेळ संपला. 2003 मध्ये नोकियाचा एन-गेज ब्लूटूथवर खेळायचा. फोन करताना तो कडेवर उभा धरून कानाला लावायचा, लोक बघून हसायचे. खरी केबल सुटली 2004 मध्ये. निन्टेन्डो डीएस आणि सोनीचं पीएसपी, जपानमध्ये दहा दिवसांच्या अंतराने आले. डीएसवर 'मारियो कार्ट'ची एकच कार्ट्रिज असली तरी आठ जण हवेतून खेळू शकत. पीएसपीवर 'मॉन्स्टर हंटर' खेळायला जपानमध्ये मोठी माणसं चार-चारच्या टोळीने बर्गरच्या दुकानात जमायची. इंटरनेट नको, राउटर नको, यंत्रं आपापसांत बोलतात. आपल्याकडे कन्सोल कमी होते, पण हॉस्टेलवाल्यांना 'मिनी मिलिशिया' आठवत असेल. एकाने हॉटस्पॉट लावायचा, बाकीचे चिकटायचे, नेट पॅक संपलेला असला तरी मॅच चालू.

आता बघा, केबल गेली म्हणजे आपण मोकळे झालो ना? उभं राहून खेळता येईल, गच्चीत खेळता येईल. आपण काय केलं? पांघरुणात नेलं.

आणि यंत्रं जड होत गेली. पीएसपी 280 ग्रॅमचं होतं. स्विच जॉय-कॉनसकट 400 ग्रॅमच्या आसपास. 2022 चा स्टीम डेक जवळजवळ 670. हे वजन हवेत धरवत नाही, म्हणून हात मांडीवर येतात, आणि हातांपाठोपाठ मान खाली जाते. 2014 मध्ये हंसराज नावाच्या अमेरिकेतल्या सर्जननी गणित मांडलं होतं. डोकं सरळ असताना पाचेक किलो, तेच 60 अंश खाली वाकलं की मानेवर 27 किलोंइतका भार. ते मॉडेलवरचं गणित आहे, कोणाची मान मोजलेली नाही. तरी ट्रेनमध्ये एकदा सगळ्यांच्या माना बघा.

अंगठ्याचं दुखणं तर जुनंच. 1990 मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात 'निन्टेन्डिनायटिस' असं नाव छापून आलं होतं. पाच तास खेळून एका बाईंचा अंगठा दुखायला लागला होता. घरी करून बघायची एक खूण आहे. अंगठा मुठीत घ्या आणि मनगट हळूच करंगळीच्या बाजूला वाकवा. थोडा ताण सगळ्यांनाच येतो. पण अंगठ्याच्या बाजूला मनगटात सणकन कळ आली, तर खेळ थांबवा आणि दाखवा.

फिजिओबाईंनी धाकट्याला सांगितलं ते फार साधं होतं. आडवा पडून राहू नकोस, चाल. एका जागी अर्ध्या तासावर नको. कन्सोल टेबलावर स्टँडला लाव, डोळ्यांच्या पातळीत, आणि कंट्रोलर वेगळा घे. आपण वायरलेसचे एवढे गोडवे गातो, तर हा खरा फायदा. पडदा तिकडे, हात इकडे, पाठ खुर्चीला. 'मारियो कार्ट'ची एक शर्यत दोन-तीन मिनिटांची असते. तीन शर्यती झाल्या की उठायचं, असा नियम त्याने फ्लॅटमध्ये लावलाय. हरलेला पाणी आणतो.

बॉल घेतलाच असेल तर वीस मिनिटांवर नको, आणि टाइल्सवर मोजे घालून बसू नका. बसल्यावर कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर हवी. पंचवीस हजारांची खुर्ची घ्यायच्या आधी आहे त्या खुर्चीची उंची एकदा बदलून बघा. आमच्या ऑफिसमध्ये निम्म्या लोकांना तो दांडा कुठे आहे हेच माहीत नव्हतं.

एक गोष्ट मात्र विनोदात घालवू नका. पाठदुखीबरोबर जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, पायातली ताकद जायला लागली, तर बॉल नाही, फिजिओ नाही, सकाळची वाट नाही. त्याच रात्री हॉस्पिटल.

धाकट्याला तसं काही नव्हतं. नऊ आठवडे लागले. मागच्या रविवारी फोन आला तेव्हा मागे ओरडाआरडा चालली होती, हा उभा होता म्हणे, आणि पाणी आणायची पाळी त्याची होती.

पुढच्या गुरुवारी भेटू. तुम्ही कशावर बसून ऐकलंत, ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा.