प्रवेशद्वाराशी उभ्या असणाऱ्यांचे दायित्व



ज्या पेशात माणसाचे आयुष्य पदव्युत्तर प्रवेशाच्या अर्जांच्या छाननीत आणि गुणपत्रिकांच्या रुजवातीत सरते, त्या पेशातील माणसांनी दूरदूरच्या प्रांतांतून एकत्र यावे आणि कनिष्ठ लिपिकाच्या जागेवरून चढत आलेल्या माझ्यासारख्या सेवकास अध्यक्षस्थानी बसवावे, हा आपल्या सबंध व्यवसायाचा बहुमान आहे, असे मी मानतो आणि आपले अंतःकरणपूर्वक आभार मानतो.

अधिवेशनासाठी आपण तंजावर प्रांतातील ओरत्तनाडु निवडलेत, ही निवड मला फार उचित वाटते. १७९९ च्या तहाने या मुलखाचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेल्यावर, दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०१ च्या जानेवारीत रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यास एक पत्र लिहिले आणि रामेश्वराच्या वाटेवरील आपल्या घराण्याची छत्रे, म्हणजे वाटसरूंच्या धर्मशाळा, अबाधित राहावीत, अशी त्यात विनवणी केली. मुलूख गेला त्याविषयीच्या तक्रारीचे ते पत्र नव्हे. छत्रांत काय काय चालते याची तपशीलवार हकीकत त्यात आहे. येणाऱ्या प्रत्येक पांथस्थास जातपात न पाहता अन्न मिळे; मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असेल तर त्यास हाक दिली जाई; आणि वाटेत आईबाप गमावलेली परक्यांची पोरकी मुले छत्राच्या पंतोजींच्या हवाली केली जात. या मुलांना दिवसातून तीन वेळा जेवण, अंगावर वस्त्र, दुखण्याखुपण्यात औषध, चौथ्या दिवशी तेल, आणि ज्या विद्येची त्यांना आवड असेल त्या विद्येचे शिक्षण मिळे. शिक्षण पुरे झाल्यावर त्यांच्या लग्नाचा खर्चही छत्र सोसत असे. त्याच सुमारास, म्हणजे १८०२ साली, येथील मुक्तांबाळ छत्र उभे राहिले आणि पुढे विद्यार्थ्यांचे आश्रयस्थान झाले.

मित्रहो, त्या हकीकतीत मला आपल्या व्यवसायाचा पाया दिसतो. आपण प्रवेश कशास म्हणतो? गुणवत्ता यादीत नाव लागले, शुल्काची पावती फाटली, नोंदणी क्रमांक पडला, की आपले काम संपले असे आपण समजतो. छत्राच्या व्यवस्थेत मात्र मूल उंबरठ्याच्या आत आले म्हणजे कामास आरंभ होत असे. एखाद्यास आत घ्यावयाचे तर त्याचे पोट, त्याचा निवारा, त्याचा कल आणि त्याचे पुढील आयुष्य यांचीही काही मोईन करावी लागते. ही मोईन नसेल तर दिलेली जागा ही दप्तरातली एक ओळ ठरते. वेदाध्ययनास जन्माची अट घालणाऱ्या त्या काळाच्या मर्यादा मी विसरलेलो नाही. त्या मर्यादा ओलांडण्याचे कार्य आपल्या महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उघडून आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढून केले. आणि ध्यानात घ्या, शाळेच्या दाराइतकीच काळजी या दोघांनीही पंगतीची आणि पथारीची वाहिली.

हा पेशा शिकविणारे विद्यालय आपल्या देशात नाही. मी तो एका वृद्ध मुख्य लिपिकांच्या शेजारी बसून शिकलो. परक्या विद्यापीठाची गुणपत्रिका हाती आली की ते आधी तिच्या मागील बाजूचे नियम वाचीत, श्रेणीचे गुणांत रूपांतर कोणत्या सूत्राने करावयाचे ते कागदावर मांडीत, आणि मगच पुढील बाजूचे आकडे पाहात. 'पाठची बाजू न वाचता मुलाला अपात्र लिहू नये,' एवढाच त्यांचा उपदेश असे. त्या सवयीने किती मुलांचे वर्ष वाचले असेल, याची नोंद कोठेही नाही. परंतु माझ्या सेवेतील जे काही कौशल्य आहे, त्याचे मूळ तेथे आहे.

मात्र एकट्या माणसाची सचोटी कोठे अपुरी पडते, तेही मी पाहिले. एका वर्षी अखेरच्या फेरीत एका शेतमजुराच्या मुलीचे नाव आमच्या यादीत लागले. तिने आधी दुसऱ्या एका संस्थेत प्रवेश घेतला होता आणि त्या संस्थेने तिचे मूळ दाखले अडकवून पूर्ण वर्षाचे शुल्क मागितले. ती आमच्या खिडकीशी साक्षांकित प्रतींची पिशवी छातीशी धरून कार्यालय बंद होईपर्यंत उभी होती. मूळ कागदांवाचून जागा देण्याचा अधिकार मला नव्हता, वरिष्ठांनाही नव्हता. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अधिसूचना काढून मूळ दाखले ठेवून घेण्यास मनाई केली आणि शुल्क परत करण्याचे नियम घालून दिले. जे माझ्या करुणेस साधले नाही, ते एका नियमाने साधले.

संघटनेचे प्रयोजन मला येथे सापडते. १९२५ साली स्थापन झालेल्या आंतरविद्यापीठ मंडळाने, म्हणजे आजच्या भारतीय विद्यापीठ संघाने, एका विद्यापीठाची पदवी दुसऱ्याने मान्य करण्याचा मार्ग सुकर केला. अमेरिकेतील पदव्युत्तर संस्थांच्या परिषदेने असा ठराव केला, की आर्थिक साहाय्य देऊ केलेल्या विद्यार्थ्यास १५ एप्रिलपूर्वी होकार देण्याची सक्ती त्या ठरावावर सही करणाऱ्या कोणत्याही संस्थेने करू नये. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या संस्थांनी विद्यार्थ्यास विचाराला अवधी मिळावा म्हणून स्वतःचेच हात बांधून घेतले. सरफोजी राजांनी सत्ता हातची गेल्यावर छत्रांसाठी शब्द खर्च केला. आपल्याही हाती सत्ता नाही, परंतु एकमुखाने बोलण्याचे सामर्थ्य आहे. ते वेतनश्रेणीसाठी अवश्य वापरावे, पण तेवढ्यावर थांबणारी संघटना लोकांच्या आदरास पात्र होत नाही.

म्हणून तरुण सहकाऱ्यांना माझे सांगणे असे, की या पेशात उत्कर्ष इच्छिणाऱ्याने नियमपुस्तिका मुखोद्गत करावी, आणि संघटनेत पद इच्छिणाऱ्याने त्या पुस्तिकेतील अन्यायाची कलमे बदलण्याचे व्रत घ्यावे. या अधिवेशनापुढे मी तीन ठराव ठेवीत आहे. पहिला, प्रवेशाच्या जाहिरातीतच वसतिगृहाच्या जागा, भोजनखर्च आणि शिष्यवृत्ती यांची माहिती जागांच्या संख्येशेजारी छापली जावी. दुसरा, ज्यास प्रवेश नाकारला त्यास कारण लेखी आणि त्याच्या भाषेत कळवावे. तिसरा, नव्या लिपिकास खिडकीवर बसविण्यापूर्वी जाणत्या सहकाऱ्याच्या हाताखाली शिक्षण मिळावे. आपण हे ठराव कसोशीने तपासावेत, त्यांत दुरुस्त्या सुचवाव्यात, आणि संमत झाल्यास आपापल्या कुलसचिवांच्या मेजावर ते नेऊन त्यांची अंमलबजावणी होईपर्यंत पाठपुरावा करावा, अशी विनंती करून मी माझे भाषण पुरे करतो.