कोच गेल्यानंतरचं वर्ष

कुणी स्वयंपाकघरातून ऐकत असाल, कुणी शिलाई मशीनवर बसून, कुणी गोठ्यातलं काम उरकता उरकता. जिथं असाल तिथं थोडा कान द्या. आज मी खेळाच्या कोचबद्दल बोलणार आहे. कोच म्हणजे संघाला शिकवणारे, घडवणारे प्रशिक्षक. आणि हे कोच आहेत पार अमेरिकेतले.

तुम्ही म्हणाल, बाई, आमचा आणि त्यांचा काय संबंध? सांगते. आपल्या पुष्कळ बचत गटांत एक प्रश्न असतो, आणि तो बैठकीत कुणी काढत नाही. अध्यक्षताई पहिल्या दिवसापासून त्याच आहेत. काम चोख करतात. बँकेत साहेब त्यांनाच ओळखतात, कर्जाचा फॉर्म त्यांनाच भरता येतो. पदं फिरती ठेवा असं सांगितलेलं असतं, म्हणून कागदावर नाव बदलतं, पण सही कुठं करायची ते जुन्या ताईच दाखवतात. मग मनात येतं, या चांगल्या आहेत तर बदलायच्या कशाला? आणि लगेच दुसरं येतं, उद्या या नसल्या तर आपलं काय?

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना नावाचं राज्य आहे. तिथल्या चॅपल हिल गावात राज्याचं जुनं सरकारी विद्यापीठ आहे. त्या देशात विद्यापीठाचा खेळ म्हणजे मोठी गोष्ट. हजारो लोक सामने बघायला येतात, टीव्हीवर दाखवतात. कोचला पगार असतो, आणि दोनचार वर्षं संघ हरला की कोचला घरी पाठवतात. अशा ठिकाणी या एका विद्यापीठात वेगवेगळ्या खेळांचे कोच तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं टिकले आणि जिंकत राहिले. त्यांतल्या चौघांची गोष्ट सांगते.

पहिले डीन स्मिथ, मुलांच्या बास्केटबॉलचे कोच. १९६१ साली, तिशीत असताना ते मुख्य कोच झाले. सुरुवात बरी नव्हती. १९६५ साली संघ बाहेरगावचा एक सामना हरून बसने परत आला, तर विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांनी स्मिथ यांचा पुतळा करून फासावर लटकवलेला. संघातला एक खेळाडू बसमधून उतरला आणि त्याने तो पुतळा ओढून काढला. विद्यापीठाने मात्र स्मिथना काढलं नाही. पुढे ते एकूण ३६ हंगाम कोच राहिले. संघाने ८७९ सामने जिंकले, १९८२ आणि १९९३ अशी दोनदा देशातल्या विद्यापीठांची सगळ्यांत मोठी स्पर्धा जिंकली. मायकेल जॉर्डन हे नाव तुमच्या मुलांना नक्की माहीत असेल. तो याच स्मिथ सरांचा विद्यार्थी.

जिंकण्याचं राहू द्या. त्यांच्या दोन सवयी ऐका. बास्केटमध्ये चेंडू टाकला की टाळ्या टाकणाऱ्याला मिळतात. स्मिथ यांनी शिकवलं, की ज्याने तुला चेंडू दिला त्याच्याकडे आधी बोट दाखव. म्हणजे सगळ्या मैदानाला कळू दे, या गुणात त्याचाही हात आहे. दुसरी सवय अशी, की खेळताना दमलास तर मूठ वर कर. कोच तुला बाहेर घेईल, आणि दम खाल्ल्यावर परत आत कधी जायचं हे तूच सांगायचं. दमलो म्हणण्यात लाज नाही. मला वाटतं, आपल्या बायकांना ही मूठ वर करायला कुणी शिकवलेलंच नाही.

स्मिथ यांनी १९६६ साली चार्ली स्कॉट या काळ्या मुलाला संघात आणलं. त्या विद्यापीठात खेळाची शिष्यवृत्ती मिळालेला तो पहिला काळा विद्यार्थी. तो काळ असा, की त्या भागात गोरे-काळे भेद उघड पाळले जात. शिवाय त्यांच्या संघात खेळलेल्या शंभरातल्या पंचाण्णवहून जास्त मुलांनी पदवी पुरी केली. खेळ चार वर्षांचा, शिक्षण जन्माचं.

१९९७ साली ते निवृत्त झाले, तेव्हा जागा कुणाला मिळाली? बिल गथ्रिज यांना. ते ३० वर्षं स्मिथ यांचे सहायक होते. पुढच्या तीन वर्षांत गथ्रिज यांनी संघाला दोनदा देशातल्या शेवटच्या चारात नेलं. स्मिथ २०१५ साली वारले. मृत्युपत्रात त्यांनी आपल्या प्रत्येक जुन्या खेळाडूला २०० डॉलर ठेवले होते. कशासाठी? बाहेर छान जेवा म्हणून.

आता मुलींकडे येऊ. १९७२ साली अमेरिकेत कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगी म्हणून कुणाला डावलता येणार नाही. त्यामुळे खेळातही मुलींसाठी जागा करावी लागली. मुलींचे संघ उभे राहिले, त्यांना कोच हवे झाले.

१९८१ साली चॅपल हिलच्या हॉकी संघाला कॅरेन शेल्टन नावाच्या बाई कोच मिळाल्या. तिकडे मैदानी हॉकी मुख्यतः मुलीच खेळतात. शेल्टनबाईंचं वय तेव्हा २३. त्या स्वतः अजून खेळत होत्या. १९८४ च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या महिला हॉकी संघाने कांस्यपदक मिळवलं, त्यात त्या होत्या. पण कोच म्हणून देशाचं पहिलं विजेतेपद मिळालं कधी? १९८९ साली. म्हणजे नवव्या हंगामात. पुढे १९९५ पासून लागोपाठ तीन वर्षं जिंकल्या. मग १९९७ नंतर दहा वर्षं पुन्हा काही नाही. २००७ ला परत. असं करत करत ४२ हंगामांत दहा विजेतेपदं झाली. आपण दहा हा आकडा ऐकतो आणि मान डोलावतो. पण ४२ तून दहा वजा करा. ३२ वर्षं त्या बाई शेवटचा कप न उचलता घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मुलींना शिकवायला लागल्या.

लक्रॉस नावाचा एक खेळ आहे. काठीच्या टोकाला जाळी असते, तिने चेंडू झेलायचा आणि फेकायचा. त्या मुलींच्या संघाच्या कोच जेनी लेव्ही १९९६ च्या पहिल्या हंगामापासून आहेत. संघच त्यांनी उभा केला. त्यांना पहिलं विजेतेपद २०१३ साली मिळालं, अठराव्या हंगामात. नंतर २०१६, २०२२ आणि २०२५ लाही मिळालं. शेवटच्या दोन वेळी तर पूर्ण हंगामात एकही सामना न हरता. पहिल्या पाच वर्षांत फळ नाही म्हणून बाईंना बदललं असतं तर?

तेव्हा दीर्घकाळ राहण्याचा फायदा हा आहे, मैत्रिणींनो. माणसाला शिकायला वेळ मिळतो. चुका दुरुस्त करायला मिळतात. नव्या येणाऱ्या मुलींना जुन्यांच्या हातून वळण लागतं.

पण याला दुसरी बाजू आहे, ती झाकून चालणार नाही. मुलींच्या फुटबॉलचे कोच अॅन्सन डोरन्स. १९७९ साली तो संघ सुरू झाला, तेव्हापासून २०२४ पर्यंत तेच. विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत २१ विजेतेपदं. मिया हॅम ही जगप्रसिद्ध खेळाडू त्यांच्याकडेच घडली. १९९१ साली महिलांचा पहिला फुटबॉल विश्वचषक अमेरिकेने जिंकला, तेव्हा राष्ट्रीय संघाचे कोचही हेच. त्यांची एक पद्धत सांगण्यासारखी आहे. सरावात कोण किती पळालं, कुणी कुणाला हरवलं, किती गोल झाले, हे रोज लिहून काढायचं आणि यादी सगळ्यांना दिसेल अशी लावायची. ही लिहून ठेवण्याची कल्पना त्यांना स्मिथ यांचा सराव बघून सुचली. आपल्या गटाची वही सगळ्यांसमोर वाचली की कुणाच्या मनात शंका राहत नाही, तसंच हे.

याच डोरन्स यांच्यावर १९९८ साली दोन माजी खेळाडूंनी कोर्टात दावा लावला. त्यांचं म्हणणं, कोच मुलींच्या खाजगी आयुष्याबद्दल नको ते बोलत. आपण कुणाचा छळ केला हे डोरन्स यांनी मान्य केलं नाही. प्रकरण दहा वर्षं चाललं. एकीशी २००४ मध्ये आणि दुसरीशी २००८ मध्ये तडजोड झाली, भरपाई दिली गेली, आणि तसल्या बोलण्यात भाग घेणं अयोग्य होतं असं लिहून डोरन्स यांनी माफी मागितली. हे मी का सांगते? कारण माणूस जितका जुना, जितका यशस्वी, तितकं त्याला प्रश्न विचारणं अवघड. अठरा-वीस वर्षांच्या मुलीने अशा कोचसमोर तोंड उघडायचं म्हणजे केवढी हिंमत लागली असेल! जिथं एकच माणूस वर्षानुवर्षं असतो, तिथं तक्रार ऐकणारं माणूस त्याच्याहून वेगळं असलंच पाहिजे. गटातही असंच. ताईंबद्दलची तक्रार ताईंकडेच करावी लागत असेल, तर ती कधीच होणार नाही.

आता शेवटची गोष्ट, ज्यासाठी मी हा विषय घेतला.

शेल्टनबाई २०२२ च्या डिसेंबरात निवृत्त झाल्या. त्या वर्षी संघ एकही सामना हरला नव्हता, अंतिम सामन्यातला विजयी गोल एरिन मॅट्सन नावाच्या मुलीने केला होता. आणि पुढच्याच महिन्यात विद्यापीठाने कोच म्हणून नेमलं कुणाला? त्याच एरिनला. वय २२. काल ज्यांच्या शेजारी उभी राहून खेळली, त्या मुलींना आता हिने शिकवायचं. इतकी लहान पोर कशी सांभाळेल, असं कुणालाही वाटलं असतं. पण शेल्टनबाई स्वतः कितव्या वर्षी लागल्या होत्या ते आठवा. २०२३ च्या नोव्हेंबरात एरिनच्या संघाने पुन्हा विजेतेपद मिळवलं. अंतिम सामना झाला ते मैदान चॅपल हिलचंच, आणि मैदानाचं नाव कॅरेन शेल्टन स्टेडियम.

डोरन्स यांचंही तसंच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, हंगाम चार दिवसांवर आला असताना त्यांनी निवृत्ती जाहीर केली. अनेक वर्षांचे सहायक डेमन नाहास यांच्याकडे तात्पुरती जबाबदारी आली. डिसेंबरात संघ जिंकला, एक-शून्य. १२ वर्षांनी ते विजेतेपद परत आलं, आणि ते आलं कोच गेल्यानंतर.

मला तर या लोकांचं खरं मोठेपण इथं दिसतं. आकडे कितीही मोठे असोत, ते गेल्यावर संघ बसला असता तर आपण म्हटलं असतं, सगळं एकाच्या डोक्यात होतं. तसं झालं नाही. कारण शेजारी कुणीतरी वर्षानुवर्षं बघत होतं, करत होतं, शिकत होतं.

म्हणून अध्यक्षताई दहा वर्षं आहेत, यात मला वाईट काही वाटत नाही. मी विचारेन ते दुसरंच. ताई, तुमच्याबरोबर बँकेत दर महिन्याला कोण येतं? फॉर्म भरताना पेन कुणाच्या हातात असतं, तुमच्या की शिकणारीच्या? गेल्या वर्षभरात बैठक तुमच्याशिवाय किती वेळा झाली? आणि झाली तेव्हा तुम्ही फोन करून मधेच सूचना दिल्या का?

सदस्यांनाही एक सांगायचंय. नवी मुलगी सचिव झाली आणि पहिल्या तीन महिन्यांत हिशोबात गडबडली, तर लगेच जुनीला बोलावू नका. लेव्हीबाईंना विद्यापीठाने सतरा हंगाम दिले. आपण आपल्या पोरीला सतरा महिने तरी देऊ.

या महिन्याच्या बैठकीत एवढं करून बघा. गटाची सगळी कामं एका कागदावर लिहा, आणि प्रत्येक कामासमोर दोन नावं घाला. एक करणारीचं, एक शिकणारीचं. जिथं दुसरं नाव सुचत नाही, तिथं बोट ठेवा. तिथूनच सुरुवात करायची आहे. आणि ताईंनी इतकी वर्षं जे केलं, त्याबद्दल त्यांच्याकडे बोट दाखवून सगळ्यांनी एकदा टाळ्या वाजवा. स्मिथ सरांच्या पोरांसारख्या.

भेटू पुढच्या आठवड्यात, याच वेळी. नमस्कार.